फिल्टर तुंबला तेव्हा

९ फेब्रुवारी

ती. आईंना,
नमस्कार.

मी तुम्हाला पहिल्यांदाच पत्र लिहितो आहे आणि तेही माशांसाठी, तेव्हा आधी माफी मागतो. तुमची लेक सर्वेक्षणाच्या कामावर डोंगरात आहे. तिथून फोन लागतो तो आठवड्यातून एखाद वेळा, आणि तोही ती टेकडीवर चढली तर. परवा लागला तेव्हा मी तिला म्हटलं, टाकीचा फिल्टर बिघडलाय. ती म्हणाली, "टाकी आईची आहे, आईला विचार. फोन करू नकोस, तिला फोनवर ऐकू येत नाही. पत्र लिही." म्हणून हे पत्र.

तुम्ही वृद्धनिवासात राहायला गेलात आणि टाकी आमच्या बैठकीत आली, तेव्हापासून तिचं सगळं तुमची लेकच बघायची. मी आपला जेवताना माशांकडे बघायचो, एवढंच. आता अवस्था अशी आहे. कोपऱ्यातल्या फिल्टरमधून आधी पाण्याची छान धार पडायची, ती आता नुसती ठिबकते. आतून घशात काही अडकल्यासारखा आवाज येतो. पाण्यात कण तरंगतात. मासे वर येऊन आ वासून उभे असतात. तळाशी गस्त घालणारा तुमचा तो मिशाळ हवालदारसुद्धा काल दोनदा वर येऊन गेला.

फिल्टर उघडून पाहिला. आतला स्पंज तपकिरी चिखलाने भरलाय आणि त्याला वास येतो. मी दिवसभर लोकांच्या कवळ्या बनवतो, माझ्या टेबलावर असली घाण क्षणभर टिकत नाही. तुमचं उत्तर येईपर्यंत मासे दम धरतील असं दिसत नाही, म्हणून आज संध्याकाळी मी तो माझ्या पद्धतीने स्वच्छ करून टाकतो. काळजी नसावी.

तुमची तब्येत ठीक असेल.

आपला,
जावई


१३ फेब्रुवारी

जावईबापू,

"माझ्या पद्धतीने" एवढे दोन शब्द वाचले आणि लगेच लिहायला बसले. साबण लावला नाहीत ना? लावला नसेल तर पुढचं वाचा.

आधी प्लग काढायचा. वीज चालू असताना टाकीत हात घालायचा नाही. मग टाकीतलंच पाणी एका बादलीत काढायचं आणि त्या पाण्यात स्पंज हलक्या हाताने दोन-तीनदा पिळायचा. पाणी आरपार जाऊ लागलं की बास. तो तपकिरीच राहू द्यायचा. तुम्ही ज्याला चिखल म्हणता त्यात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात आणि माशांची घाण तेच पचवतात. नळाचं पाणी त्याला दाखवायचं नाही. नळाच्या पाण्यात औषध असतं, त्याने ते जीव मरतात.

स्पंज पिळूनही धार आली नाही, तर मोटरच्या पोटात एक बोटाच्या पेराएवढा पंखा आहे, तो ओढून बाहेर काढा. त्याला झाडांची मुळं आणि केस गुंडाळलेले असतात. दात घासायच्या जुन्या ब्रशाने साफ करा. ब्रशांची तुमच्याकडे वानवा नसावी.

आणि खायला किती घालता? फिल्टर उगाच तुंबत नाही.

आई


१७ फेब्रुवारी

ती. आईंना,
नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. सूचना फार उपयुक्त आहेत, पुढच्या वेळी तंतोतंत पाळीन.

फिल्टर आता उत्तम चालतो आहे, धार पहिल्यापेक्षाही मोठी आहे. पाणी मात्र थोडं पांढुरकं दिसतं, कोणी चमचाभर दूध ओतल्यासारखं. मासे शांत आहेत. बरेचसे कोपऱ्यात विश्रांती घेतात. खाण्याचं म्हणाल तर सकाळी, मी कामावरून आल्यावर आणि झोपताना. मी काचेजवळ गेलो की ते इतक्या आशेने पुढे येतात की त्यांना तसंच परत पाठववत नाही.

एक सहज विचारतो. समजा एखाद्याने तो स्पंज चुकून उकळत्या पाण्यातून काढला, आणि समजा नंतर थोडा वेळ जंतुनाशकात ठेवला, तर त्यातले ते जीव पुन्हा येतात का? आणि किती दिवसांत?

आपला,
जावई


२१ फेब्रुवारी

जावईबापू,

कोण कोण मेलं?

खरं सांगा, मी खाऊन टाकणार नाही. पाणी पांढरं झालं आणि मासे कोपऱ्यात गेले की काय झालेलं असतं ते मला कळतं. वीस वर्षं टाकी माझ्याकडे होती, मीही पहिल्या वर्षी अशाच सात जणांना पोचवलंय.

आता हे करा. आजपासून खाणं बंद. एक दिवसाआड एक चिमूट, तेही माझ्या चिमटीने, तुमच्या नव्हे. रोज पाव टाकी पाणी काढा आणि तेवढंच नवं घाला. नवं पाणी आदल्या दिवशी उघड्या बादलीत भरून ठेवलेलं असू द्या. स्वच्छतेचा उत्साह आला तरी सगळं पाणी एकदम बदलू नका.

आणि मासे विकणाऱ्या दुकानात जा. नवा मासा घ्यायला नव्हे. त्यांच्या जुन्या चालू टाकीतल्या फिल्टरच्या घाणेरड्या स्पंजाचा एक तुकडा मागा. लाजू नका. तो त्यांच्याच पाण्यात बुडवून, सुकू न देता घरी आणा आणि तुमच्या त्या शुभ्र स्पंजाला लावून ठेवा. विरजण लावतात तसं समजा.

फोनचं तिने सांगितलं ते बरोबर आहे, फोन करू नका. पत्रंच बरी. माझा सगळा दिवस तसाही रिकामा असतो. इथे एवढं सामसूम असतं की शेजारच्या खोलीतल्या बाई घड्याळाला किल्ली देतात तीही मला भिंतीतून ऐकू येते.

हवालदाराचं काय ते लिहा.

आई


२७ फेब्रुवारी

ती. आईंना,

चार निळे-लाल पट्ट्यांचे आणि लांब शेपटीवाली एक पिवळी. हवालदार आहे, पण दोन दिवस कुशीवर पडून होता. कल्ले तेवढे हलत होते. मी खुर्ची ओढून समोर बसलो आणि जेवण तिथेच केलं. तुमच्या लेकीला अजून सांगितलेलं नाही.

तुम्ही सांगितलेलं सगळं केलं. दुकानात मात्र माझी शोभा झाली. दुकानदार गिऱ्हाइकात होता. मी हळू आवाजात म्हटलं, "मला थोडी घाण हवी होती." तो म्हणाला, "काय हवं होतं?" मी म्हटलं, "तुमच्या फिल्टरमधली. जुनी असेल तर उत्तम." दुकानातली सगळी माणसं वळून बघायला लागली. त्याने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "उकळलात ना?" आठवड्याला दोघं-तिघं तरी येतात म्हणे, फार स्वच्छ राहणारी माणसं. त्याने करवतीच्या पात्याने तुकडा कापून बाटलीत घालून दिला. बसमध्ये बाटली मांडीवर धरून बसलो होतो. शेजारचे गृहस्थ उठून दुसरीकडे गेले.

आज सकाळी पाण्यातून पलीकडची भिंत दिसली. हवालदार सरळ झाला आणि वाळू उकरायला लागला. मला इतकं बरं वाटलं की कामावर जाऊन तिथल्या मंडळींना सांगितलं. त्यांना वाटलं आमच्या घरातलं कोणी आजारी होतं.

तुमचे आभार कसे मानावेत कळेना, म्हणून सोबत एक छोटं पार्सल पाठवलं आहे. कुरकुरीत बिस्किटं आहेत आणि चांगले अक्रोड मिळाले.

आपला,
जावई


४ मार्च

जावईबापू,

हवालदार सरळ झाला हे वाचून बरं वाटलं. तो गेला असता तर मला लागलं असतं. गेले ते गेले, त्यांचं मनाला लावून घेऊ नका. आता एवढ्यात नवे आणू नका. पाणी महिनाभर असंच नितळ राहू दे.

पार्सल पोचलं. खर्च कशाला केलात? सगळं वाटून टाकलं, मी असलं काही खात नाही. शेजारच्या घड्याळवाल्या बाईंनी अक्रोड फोडले, दिवसभर टकटक चालली होती. मी जेवण खोलीतच मागवून घेते. खाली हॉलमध्ये आठ-आठ माणसांची टेबलं असतात, नुसता कलकलाट. सूप आणि दुधात भिजवलेला पाव, माझं तेवढ्यात भागतं. इथली माणसं चांगली असतील, मला काही कल्पना नाही. मी आल्यापासून कोणाशी फारसं बोललेच नाही. त्यांचाही आता समज झालाय की ही बाई शिष्ट आहे. असू दे.

पुढच्या आठवड्यात फिल्टरची धार मोजून बघा. कप भरायला लागणारा वेळ वाढला तर पुन्हा तुंबायला लागलाय असं समजा.

आई


९ मार्च

ती. आईंना,
नमस्कार.

कप पहिल्याइतक्याच वेळात भरतो. हवालदार ठीक आहे. पिवळीची एक बहीण उरली आहे, ती त्याच्या मागे मागे फिरते.

आता एक विचारतो, रागावू नका. फोनवर ऐकू येत नाही म्हणता, पण शेजारच्या घड्याळाची किल्ली ऐकू येते. अक्रोड वाटून टाकलेत, बिस्किटंही. सूप, भिजवलेला पाव, जेवण खोलीत, कोणाशी बोलणं नाही.

वरची मोडली आहे की खालची?

आपला,
जावई


१४ मार्च

जावईबापू,

टाकीचं विचारलंत, सांगितलं. बाकीच्या चौकशा नकोत.

लग्नाचं ठरवायला पहिल्यांदा घरी आलात, त्या दिवसापासून तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत आला आहात. मी पाणी विचारलं तर तोंडाकडे, निरोप द्यायला दारात आले तर तोंडाकडे. म्हणून मी तुमच्यासमोर कधी बसले नाही. घरात जावई कवळ्या करणारा यावा, एवढंच माझ्या नशिबात राहिलं होतं.

तुमच्या बायकोला यातलं काही कळता कामा नये. ती काम टाकून धावत येईल.

आई


३० मार्च

ती. आईंना,
नमस्कार.

धार थोडी कमी झाली होती, म्हणून काल स्पंज पिळला. टाकीच्या पाण्यात, दोनदाच. पाणी चहासारखं झालं आणि मी ते झाडांना घातलं. स्पंज तपकिरी ठेवला. पंखा काढून पाहिला, त्याला एक लांब केस होता. तुमच्या लेकीचा असावा. पाणी नितळ आहे.

पंधरा दिवस लिहिलं नाही, कारण काय लिहावं सुचत नव्हतं. मला इतकी वर्षं वाटत होतं की मी तुम्हाला आवडत नाही. मी आलो की तुम्ही स्वयंपाकघरात जायचात, बोललात तर मान वळवून. मी घरी येऊन हिला विचारायचो, माझं काही चुकलं का? ती म्हणायची, आई तशीच आहे.

मी तोंडाकडे बघतो हे खरं आहे. मी सगळ्यांच्याच बघतो. बसच्या वाहकाच्या, साहेबांच्या, फोटोतल्या माणसांच्यासुद्धा. धंद्याची खोड आहे, आता जाणार नाही. पण त्या पहिल्या दिवशी मी का बघत होतो ते तुम्हाला सांगितलं पाहिजे. तुमच्या वरच्या कवळीतला उजवा सुळा किंचित तिरका बसवलेला होता. सगळे दात एका रांगेत लावणं सोपं असतं. कोणीतरी मुद्दाम तो एक वाकडा लावला होता, खऱ्या दातासारखा दिसावा म्हणून. मी तेव्हा कामाला नवा होतो. असं काम करणारा माणूस कोण असेल, हे एवढंच माझ्या मनात होतं. तुम्हाला विचारायचं होतं, धीर झाला नाही.

तुमच्या लेकीला काही सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.

आपला,
जावई


५ एप्रिल

जावईबापू,

सोबतच्या डबीत आहे. रुमालात गुंडाळली आहे, सांभाळून उघडा. इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात न्हाणीघरात हातातून निसटली आणि फरशीवर पडून दोन तुकडे झाले. मोडली ती खालची, पण तिच्याशिवाय वरचीचा काय उपयोग? तीही पाठवली आहे. लेकीला सांगितलं असतं तर ती तुम्हालाच सांगणार होती. तेच नको होतं मला. बोळकं तोंड फोनवर लगेच कळतं, म्हणून बहिरी झाले.

बनवणारे गृहस्थ माझ्या माहेरच्या गल्लीत होते. माझे खरे दात असतानाचा एक फोटो त्यांनी मागून घेतला होता. मला म्हणाले होते, "बाई, तुमचा सुळा तुम्हाला परत देतो." ते आता नाहीत. असते तर हसले असते, कोणाच्या तरी लक्षात आलं म्हणून.

चिकटवून मिळाली तर बघा.

आई


११ एप्रिल

ती. आईंना,
नमस्कार.

डबी मिळाली. वरची कवळी भिंगाखाली पाहिली. काम अप्रतिम आहे. मी ती आमच्या प्रयोगशाळेतल्या सगळ्यांना दाखवली, तुमचं नाव न सांगता. आमचे थोरले कारागीर बराच वेळ हातात धरून बसले होते.

पण खालची चिकटवून उपयोग नाही, खोटं सांगत नाही. तडा मधोमध आहे आणि पूर्वीही एकदा कोणीतरी तो भरलेला दिसतो. शिवाय ही बनली तेव्हापासून तुमच्या हिरड्या बदलल्या असणार. मोडायच्या आधीही ती हलत असेल, टोचत असेल. दोन्ही नव्याच करायला हव्यात.

माप मला घेता येत नाही, ते दंतवैद्याचं काम. आमच्याकडे एक डॉक्टरीणबाई आहेत, माझ्याच वयाच्या, हात फार हलका. त्या यायला तयार आहेत. येत्या रविवारी आम्ही दोघं येऊ. मी खोलीबाहेर बाकावर बसेन, आत येणार नाही. हो म्हणत असाल तर काही लिहू नका. नको असेल तर तेवढं कळवा.

जुन्या कवळीतला सुळा मी मोजून ठेवला आहे.

आपला,
जावई


२ मे

ती. आईंना,
नमस्कार.

सेट तयार आहे. येत्या शनिवारी डॉक्टरीणबाईंना घेऊन येतो. त्या बसवून, घासून, चावून बघायला सांगतील. पहिले काही दिवस टोचेल, जड वाटेल, तोंडात दुसऱ्याचंच काही ठेवल्यासारखं होईल. काढून ठेवू नका. मऊ खाण्यापासून सुरुवात करा आणि खोलीत बसून मोठ्याने वर्तमानपत्र वाचा, म्हणजे जीभ सरावेल.

माप घेतलं त्या दिवशी तुम्ही मला बाहेरून आत बोलावलंत, ते मला अपेक्षित नव्हतं. मी दारातच घुटमळत होतो आणि तुम्ही म्हणालात, "या, बघा एकदाचं, आता लपवायला काही उरलेलं नाही." परतीच्या वाटेवर डॉक्टरीणबाई हसत होत्या. म्हणाल्या, "तुमच्या सासूबाईंनी माझ्याशी तासभर गप्पा मारल्या. कमी बोलतात असं कोण म्हणालं तुम्हाला?"

एक मनात आहे ते लिहितो. तुमची लेक पुढच्या महिन्यात परत येते. आमच्याकडे मागची खोली रिकामीच असते, सकाळी ऊन येतं. तुम्ही इथे राहायला या. टाकीही इथेच आहे. मी हिच्याशी बोललेलो नाही, पण ती नाही म्हणणार नाही हे तुम्हालाही माहीत आहे.

आपला,
जावई


१३ मे

जावईबापू,

खालच्या डाव्या बाजूला टोचतंय, आतून, जिभेच्या बाजूला. जोंधळ्याच्या दाण्याएवढी जागा लाल झाली आहे. डॉक्टरीणबाईंना सांगा. बाकी तक्रार नाही. सुळा मी आरशात पाहिला. बराच वेळ पाहिला. तुमचा हात चांगला आहे.

लेकीला मीच सांगितलं. परवा तिचा फोन आला तेव्हा निवासाच्या ऑफिसात जाऊन घेतला. आधी ती रडली, मग माझ्यावर ओरडली, मग तुमच्यावर ओरडायचं आहे म्हणाली, तेव्हा तयारीत राहा. माशांचंही सांगून टाकलं, तुमच्या जिवावरचं एक ओझं कमी.

मागच्या खोलीचं वाचलं. तुम्ही मनापासून लिहिलंत हे कळतं, म्हणून उत्तरही मनापासून देते. नाही येणार. दोन महिन्यांपूर्वी विचारलं असतंत तर त्याच दिवशी बॅग भरली असती. आता कुठे इथे माझं सुरू झालंय. सणावाराला नव्हे, उगाचच, चार दिवस येईन आणि तुम्ही फिल्टर कसा पिळता ते उभं राहून बघेन.

काल पहिल्यांदा खाली हॉलमध्ये जेवायला गेले. खिडकीजवळच्या टेबलावर एक खुर्ची रिकामी होती. मी बसले आणि म्हटलं, "मीठ इकडे द्या." टेबलावरच्या सगळ्यांनी माना वर केल्या. घड्याळवाल्या बाई म्हणाल्या, "अहो, तुम्हाला बोलता येतं?" एवढे महिने ही बाई मला मुकी समजून भिंतीपलीकडून हळहळत होती!

समोर एक निवृत्त स्टेशनमास्तर बसतात. त्यांना वारा सोसत नाही, म्हणून ती खिडकी कोणालाच उघडू देत नाहीत, आणि बाकीची सहा माणसं त्यांच्यापुढे घामाघूम होऊन जेवतात. मी उठले आणि खिडकी उघडली. ते म्हणाले, "इथला नियम आहे." मी म्हटलं, "कोणी केला?" ते म्हणाले, "मी." मी म्हटलं, "मग मोडायला सोपा आहे." त्यांनी खिडकी लावली, मी उघडली. त्यांनी इतिहास काढला, मी भूगोल काढला. पाव मी टोस्ट करून मागवला होता, तो चावता चावता बोलत होते आणि एकही शब्द घसरला नाही. घंटा झाली, भांडी उचलायला आले, तेव्हा खिडकी अर्धी उघडी होती आणि भांडणही अर्धंच राहिलं.

उद्या दुपारी परत त्याच टेबलावर बसायचं आहे. ते मफलर घालून येणार असं ऐकते. येऊ देत.

आई